नागपूरचा ठिपका

१

चोरी झाली ती भरदुपारी, आणि चोरीला गेलेली वस्तू मुळात फुकटची होती. फुकटची वस्तू कोण कशाला चोरेल, असं कुणीही विचारील. पण अकोल्याच्या ताजनापेठेत, शफीभाई पेटीवाल्यांच्या हार्मोनियमच्या दुकानात नाजिया संगणकापुढे उभी होती ती घरातलं माणूस उचलून नेल्यासारखी.

"अम्मी," ती म्हणाली, "भाई गेला."

आबेदाबी पदराला हात पुसत आतून आल्या. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. "तो तं कवाच गेला, बेटा."

"तसा नाई. इथूनबी गेला. डबी नाई पडद्यावर."

डबी म्हणजे काय, ते सांगायला हवं. दोन हजार आठ साल होतं. दोन वर्षांपूर्वी मुजम्मिल, म्हणजे शफीभाईंचा एकुलता मुलगा, बापाशी भांडून घर सोडून गेला. त्याआधी त्याने दुकानाची एक वेबसाइट केली होती आणि संगणकाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक खिडकी बसवली होती. आज आपल्या वेबसाइटवर किती जण येऊन गेले तो आकडा तिच्यात दिसे. खाली नकाशा. माणूस ज्या शहरातून आला तिथे लाल ठिपका उमटे, आणि ठिपक्यावर बाण नेला की त्याने कोणतं पान उघडलं तेही कळे. इंटरनेटवर फुकट मिळते ही वस्तू. विजेट म्हणतात. आबेदाबी तिला डबी म्हणत, म्हणून सगळं घर डबी म्हणे.

पेट्यांच्या वेबसाइटवर येऊन येऊन कोण येणार? कधी पुण्याचा ठिपका, कधी मुंबईचा. पण काही महिन्यांपासून एक ठिपका रोजच्यासारखा उमटू लागला होता. नागपूरचा. तो दरवेळी एकच पान उघडी: मुजम्मिलने बापावर लिहिलेलं, 'आमचे उस्ताद'. नव्या पेट्यांचे फोटो नको, दुरुस्तीची माहिती नको, फक्त ते पान. असा माणूस जगात दुसरा कोण असणार? ठिपका दिसला की आबेदाबी गल्लीत साखर वाटत. पोराचा पत्ता नव्हता, फोन नव्हता. होता तो एवढा एक ठिपका.

आबेदाबींचा भाऊ नागपूरला जाऊन आठ दिवस हिंडून आला होता. हात हलवत परतला. म्हणून आता येत्या शुक्रवारी आबेदाबी स्वतः जाणार होत्या, दुखरे गुडघे घेऊन. आणि नाजियाने सांगून टाकलं होतं की भाई सापडल्याशिवाय माझ्या निकाहाची तारीख काढायची नाही. सासरकडचे लोक चांगले होते, पण चांगल्या लोकांचा धीरही कधीतरी सुटतोच.

आणि आज डबीच गायब. ती परत कशी आणायची हे नाजियाला ठाऊक नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि चक्क रडू लागली.

"पोरी, रडाचं तं मंग रड," दारातून खणखणीत आवाज आला. "आधी मले सांग, हा माउस असा डाव्या बाजूले कोनं ठेवला?"

२

दारात वच्छलाबाई उभ्या होत्या. अमरावतीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आता महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. मंडळाची पेटी दुरुस्तीला टाकली होती, ती न्यायला बसने आल्या होत्या. बाईंना गणिताचं वेड होतं आणि दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींचं त्याहून जास्त. त्यांच्या गल्लीत कुणाचं काही हरवलं तर लोक पोलिसांआधी बाईंकडे जात, कारण पोलीस चहा पिऊन जातात आणि बाई चहा पिऊन वस्तू शोधून देतात.

नाजियाने माउसकडे पाहिलं. खरंच तो कळफलकाच्या डावीकडे होता. "आमच्या घरात डावखुरं कोनीच नाई, बाई."

"मंग तर झकासच," वच्छलाबाई म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवून बसल्या.

तेवढ्यात शफीभाई चहा घेऊन बाहेरून परतले. उंच, वाकलेले, बोटांना पितळेचा कीस लागलेला. लेक रडतेय हे त्यांनी पाहिलं, कारण विचारलं नाही, सरळ आपल्या चौरंगाशी जाऊन बसले. पेटीच्या आतल्या पितळी पट्टीला, ज्याला ते सूर म्हणत, कानस मारू लागले. उजव्या हाताने. वाकताना त्यांच्या खिशातून चष्म्याचं घर खाली पडलं.

"शफीभाई, चष्मा कवा लागला?"

"असाच, बाई. म्हातारपण." त्यांनी तो घाईने खिशात घातला आणि बिनचष्म्याचेच पुन्हा कामाला लागले.

मुलाचं नाव ते घेत नसत. भांडण झालं ते असं: कापसाची सालं लागोपाठ बसली, तशा गावोगावच्या भजनी मंडळांच्या मागण्याही बसल्या. मुजम्मिल म्हणाला, अब्बा, पेट्या बंद करू, विजेवरचे कीबोर्ड विकू. शफीभाई म्हणाले, ज्या वस्तूला लाईन लागते ती वऱ्हाडात वाजणार केव्हा? बोलण्यावरून बोलणं वाढलं. निघ म्हणाले. तो निघाला. त्याच संध्याकाळी बापाने घरातले त्याचे सगळे फोटो गोळा केले, आणि ते कुठे गेले हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

बापाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्या वर्षांत वऱ्हाडात फोन उचलला की तब्येतीच्या आधी लोक विचारत, 'लाईन आहे काय?' लाईन म्हणजे वीज. दिवसाचा निम्मा वेळ ती नसेच.

वच्छलाबाईंनी नाजियाला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "दुपारी दुकानात कोन कोन येऊन गेलं?"

"गजाला फुफी होती. तौहीद आले होते. आन अब्बा."

"तौहीद म्हणजे?"

नाजिया लाजली. "ज्यायच्याशी माझा निकाह ठरला, ते."

"आणि त्याले संगणक येते?"

"त्यायचं दुकानच आहे संगणक दुरुस्तीचं," नाजिया म्हणाली आणि म्हणता म्हणताच तिची मान खाली गेली.

३

गजाला फुफी म्हणजे शफीभाईंची बहीण, तोंडाची तिखट, मनाची त्याहून थोडीच गोड. त्या आत भाजी निवडत वच्छलाबाईंना म्हणाल्या, "गेली ना ती डबी? बला टळली. रोज उठून माय-लेकी त्या ठिपक्यापुढं बसून राहतात. पोरीचं लग्न लांबून राहिलं. लोकायले काय सांगू, ठिपक्याची वाट पाहून राहिलो?"

"मंग तुमीच काढली काय?"

"मी?" फुफींनी मेथीची जुडीच खाली टाकली. "मी त्या यंत्राले हात लावत नाई, बाई. एकदा झाडू लागला तं शॉक बसला मले. आजवर लांबूनच झाडते."

ते खरं असावं. संगणकाच्या टेबलाभोवती हातभर अंतर सोडून स्वच्छ झाडलेलं होतं आणि आत कचरा तसाच होता.

तौहीदला बोलावून घेतलं. सरळ, घाबरट मुलगा. निकाह लवकर व्हावा असं त्याला वाटतच होतं, आणि ते त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. नाजिया त्याच्याकडे पाहीना.

"खरं सांग," वच्छलाबाई म्हणाल्या, "तुले ती डबी खुपत होती का नाई?"

"खुपत होती," तौहीद म्हणाला. मग नाजियाकडे पाहून, "पण तिच्यामुळं ही हसत होती. मी काहून काढीन?"

तो संगणकाशी बसला, माउस उजवीकडे घेतला आणि थोडा वेळ शोधून थांबला. "बाई, हे पाहा. मी काढली असती तं मुळासकट काढली असती. हिचं फक्त तोंड मिटलं आहे. कोपऱ्यातली फुली दाबली, बस. आतलं सारं जागच्या जागी आहे. मागच्या दिवसांची आठवणसुद्धा." त्याने दोन-तीन कळा दाबल्या आणि डबी पडद्यावर परत आली.

आबेदाबींनी पडद्याआडून दुवा दिली. नाजियाला वाटलं, झालं, मिळाली. पण वच्छलाबाईंचं समाधान नव्हतं. गणितात उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवावी लागते.

"ज्यानं काढली त्याले फुली दाबता येते, बाकी काहीच येत नाई," त्या पुटपुटल्या. "आणि तो माउस डाव्या हातानं धरते. पोरी, तो ठिपका कोनत्या वेळी यायचा?"

"पहिले सकाळी यायचा. मंग आपल्याकडं लाईन जायची वेळ बदलली ना, सकाळची जाऊ लागली, तवापासून संध्याकाळी येते."

बाई उठून उभ्या राहिल्या. "नाजिया, ताजनापेठेची लाईन गेली तं नागपूरच्या माणसाले काय अडचन?"

नाजियाने पायात चपला सरकवल्या आणि ती बाईंच्या मागोमाग निघाली.

४

गल्लीच्या तोंडाशी पंजाबरावांचं इंटरनेट कॅफे होतं. चार खोकी, चार संगणक आणि एक पंखा. पंजाबराव मोठ्या अगत्याचा माणूस.

"भाऊ, तुमचं इंटरनेट कुठलं दिसते बाहेरच्याले?" बाईंनी विचारलं.

"नागपूरचं. अकोला घ्या, परतवाडा घ्या, कंपनीचं मोठं ठाणं नागपूरले. सगळे नागपूरकरच दिसतो आमी," पंजाबराव हसले.

नाजियाचा मामा आठ दिवस नागपुरात उन्हात हिंडला होता. ते आठवून तिला हसू येईना आणि रडूही येईना.

कोपऱ्यातल्या शेवटच्या खोक्यात बाई वाकून पाहत होत्या. खोक्याच्या उजव्या अंगाला भिंत इतकी लागून होती की माउस ठेवायला जागाच नव्हती. तो डावीकडे ठेवलेला होता.

"इथं कोन बसते?"

"ते तं पेटीवाले चाचा. दुसरीकडं बसतच नाईत, म्हणतात कोनी पाहू नये. मीच शिकवलं त्यायले. पान कसं उघडाचं, वरच्या फुलीवर दाबून बंद कसं कराचं. चष्मा लावतात, एकच पान उघडतात, पाहून राहतात, आणि जातात." पंजाबरावांना नाजिया दिसली आणि त्यांनी आवाज खाली आणला. "हिचेच अब्बा ना?"

नाजिया त्या डावीकडच्या माउसकडे पाहत राहिली. म्हणजे ठिपका भाई नव्हता. इतके महिने अम्मी साखर वाटत होती, फुफी टोमणे मारत होती, ती स्वतः निकाह अडवून बसली होती, आणि तो ठिपका गल्लीच्या तोंडापर्यंतच जाऊन येत होता.

"भाई कुठंच नाई, बाई," ती म्हणाली. "कवाच नव्हता."

५

वच्छलाबाईंनी चारचौघांत उत्तर मांडलं नाही. आबेदाबींना चहा ठेवायला सांगितला, फुफींना भजनाच्या गोष्टीत गुंतवून आत पाठवलं, आणि शफीभाईंच्या चौरंगासमोर बसल्या. नाजिया त्यांच्या मागे उभी राहिली.

"शफीभाई, सूर तुमी कानानं लावता. चष्मा त्या पानासाठी घेतला ना?"

कानस थांबली. शफीभाईंनी बाईंकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि कानस खाली ठेवली.

"मले काय माहीत होतं, बाई, तथी पाहिलं की इथं ठिपका पडते," ते म्हणाले. "एक दिवस कॅफेतून घरी आलो. हिची अम्मी साखर वाटून राहिली होती. म्हणे, आज पोरगा येऊन गेला. ती साखर मलेबी दिली. मी खाल्ली. काय सांगू तिले? का तो मी होतो? मंग जाणं बंद करून पाहिलं. तं ही ठिपका नाई म्हणून जेवेना. मंग पुन्हा जाऊ लागलो."

नाजियाला आजवर वाटत होतं, अब्बांच्या छातीत दगड आहे. तिला स्वतःचा राग आला.

"पण आता ही नागपूरले निघाली," शफीभाई म्हणाले. "गुडघे धरून गल्लोगल्ली फिरली असती, माझ्यापायी. म्हणून फुली दाबली. खरं बोलाची हिंमत नाई झाली."

"पण अब्बा, ते पान तं तुमच्यावरच आहे. तुमचाच फोटो. तुमी सोताले काय पाहत होते?"

 शफीभाईंनी बोटाने हवेत एक चौकट काढली. "फोटो तू काढला होता. मी पेटीचा सूर लावून राहिलो, आणि कडेनं एक हात दिसते. भाता धरलेला. तो हात त्याचा आहे. अंगठ्याले रुमाल बांधला आहे, पटाशी लागली होती त्या दिवशी. तो रुमाल मी बांधला होता. घरातले फोटो मी तुझ्या आजीच्या ट्रंकेत टाकले आणि चावी नदीत फेकली रागानं. मंग त्याचं एवढंच उरलं होतं पाहाले."

आता नाजिया रडली, आणि तिच्या रडण्यात अब्बांवरचा राग उरला नव्हता. ती त्यांच्याजवळ बसली आणि पितळेच्या किसाने भरलेला त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरला. पडद्यापलीकडे चहाची भांडी वाजायची थांबली होती. आबेदाबींनी सगळं ऐकलं होतं.

त्या बाहेर आल्या. "साखर फुकट नाई गेली," नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या घरातलंच माणूस येत होतं." आणि मग त्यांचाही बांध फुटला, कारण पोरगा हरवला होता तो हरवलेलाच होता.

वच्छलाबाई मात्र उठेनात. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"रीत पुरी नाई झाली," त्या म्हणाल्या. "ताळा कराचा राहिला."

६

"तौहीद, मागचे दिवस दिसतात म्हणाला ना तू? मले मंगनीचा दिवस दाखव," बाहेर थांबलेल्या तौहीदला आत बोलावून बाई म्हणाल्या.

नाजियाने मागचे दिवस कधी उघडलेच नव्हते. भाई आज आला का, एवढंच तिला हवं असे.

"मंगनीच्या दिवशी ट्रान्सफॉर्मर जळला होता," तौहीद म्हणाला. "सकाळपासून पुऱ्या पेठेत लाईन नव्हती. मौलवीसाहेबांले मी पुठ्ठ्यानं वारा घालून राहिलो होतो."

"आणखीच बरं. कॅफे बंद, तुमचा संगणक बंद, आणि शफीभाई पाहुण्यायच्या समोर. म्हणजे त्या दिवशी ठिपका नसाले पायजे. नसला की आपलं उत्तर बरोबर." बाईंनी चष्मा सावरला.

तौहीदने कळ दाबली. नकाशा उघडला, आणि नागपूरवर लाल ठिपका होता.

 गजाला फुफी आपला हातभर नियम मोडून टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"पान कोनतं?" बाईंनी हळू विचारलं.

तौहीदने बाण ठिपक्यावर नेला. 'उस्ताद'चं पान नव्हतं. आधी दुकानाची सूचना उघडली होती, जी नाजियाने आदल्या रात्री गिऱ्हाइकांसाठी लिहिली होती: नाजियाच्या मंगनीमुळे आज दुकान बंद. त्यानंतर 'पत्ता व फोन'चं पान.

"ईदचा दिवस पाहा," आबेदाबी कशाबशा म्हणाल्या. ईदला दुकान बंद, संगणक बंद, शफीभाई दिवसभर घरी. तिथेही तो ठिपका होता. पत्ता व फोन. मागच्या ईदलाही तेच.

"दोघं जण होते," वच्छलाबाई म्हणाल्या. "एकाच ठिपक्यात दोघं. एक रोज येऊन त्याचा हात पाहून जाते. दुसरा सणासुदीले येते. आपल्या सोताच्या घराचा फोन नंबर कोन पाहते, शफीभाई? ज्याले तो पाठ आहे, पण लावाची हिंमत होत नाई, तोच. नागपूर सोडा. नागपूरकर तं आपन सगळेच दिसतो. त्याले शोधाची गरजच नाई. तो तुमचं वाचून राहिला. तुमी लिहा."

सगळ्यांनी शफीभाईंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, आणि संगणकापुढच्या खुर्चीत बसले. माउस डावीकडे ओढला. कुणी हसलं नाही.

"तू टाईप कर," ते नाजियाला म्हणाले. "लिही. भाता धराले माणूस नाई. नाजियाचा निकाह आहे. अब्बा."

"नाव नाई टाकाचं त्याचं?"

शफीभाईंनी मान हलवली. "नाव मी तोंडानं घेईन."

सूचनेच्या जागी ते दोन ओळींचं लिहिणं चढलं. वच्छलाबाईंनी आपली पेटी बसमध्ये टाकली आणि अमरावतीला गेल्या. नाजियाकडून त्यांनी वचन घेतलं की जे काही होईल ते कळवायचं, नाहीतर त्यांना झोप लागणार नाही. शुक्रवारी आबेदाबी नागपूरला गेल्या नाहीत.

७

त्यानंतर शफीभाई कॅफेत गेले नाहीत, म्हणून ठिपका रोजचा उमटेनासा झाला. नाजिया डबीकडे पाही आणि नजर वळवी. आबेदाबी साखरेचा डबा उघडत आणि परत झाकत. तौहीदच्या घरून निरोप आला, तारखेचं काय? गजाला फुफींनी परस्पर सांगून टाकलं, "पोराची वाट पाहून राहिलो. पोरगा आला की तारीख." ज्या फुफी ठिपक्याला हसत, त्याच.

एका दुपारी लाईन गेली. पंखा थांबला, संगणक विझला, डबी काळी झाली. शफीभाई दाराच्या उजेडात पेटी घेऊन बसले होते. नाजिया एका हाताने भाता मारत होती, तिला नीट जमत नव्हतं.

भिंतीवरच्या कोनाड्यातला फोन वाजला. फोनला काही लाईन लागत नाही.

नाजियाने उचलला. पलीकडे कुणी बोलेना. फक्त श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी एक पंखा घरघरत होता. तिने फोन अब्बांच्या हातात दिला आणि तोंडावर ओढणी धरली. पडद्याशी आबेदाबी येऊन उभ्या राहिल्या.

शफीभाईंनी फोन कानाला लावला. ऐकलं. बेसूर पेटीतून एक बरोबर सूर निघावा तसा त्यांचा चेहरा सैल झाला. मग सगळं वऱ्हाड बोलत होतं तेच ते बोलले.

"मुजम्मिल," ते म्हणाले, "तिकडं लाईन आहे काय?"

पलीकडून उत्तर आलं. "आहे, अब्बा."

"मंग सगळं बंद कर," शफीभाई म्हणाले, "आन घरी ये."